लिंबूटिंबू

जयपूर शहरातून टोंक रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, म्हणजे सांगानेरचा विमानतळ मागे पडल्यावर प्रताप नगर लागते. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेली ही मोठी वसाहत आहे. गुलाबी भिंती आणि जाळीदार खिडक्या असे जे जयपूरचे चित्र आपण मनात बाळगून येतो, त्याचा येथे मागमूस नाही. येथे विभागांना क्रमांक आहेत, घरांना क्रमांक आहेत आणि घरांच्या रांगांमधून लहान लहान बागा आहेत. वस्ती बहुतेक नोकरदारांची. कोणी बिहारचा, कोणी बंगालचा, कोणी शेखावाटीतून आलेला. शासकीय सेवेतल्या माणसाला असल्या वसाहती ओळखीच्याच असतात. तीन वर्षांपूर्वी बदलीचा हुकूम हाती पडला आणि मी, माझी पत्नी, माझी आई आणि नऊ वर्षांची मुलगी असे आम्ही चौघे येथे येऊन राहिलो.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, तो कोणत्या ग्रंथाने मला सुचविलेला नाही. तो आमच्या घरासमोरच्या बागेत सुचला. ग्रंथ मागाहून उघडले.

पहिल्याच संध्याकाळी माझी मुलगी बागेत गेली आणि अर्ध्या तासात परत आली. "बाबा, इथली मुलं सतोलिया खेळतात. मला नाही येत," असे म्हणून ती खोलीत जाऊन बसली. मी खिडकीतून पाहिले. सात चपटे दगड एकावर एक रचलेले, चेंडू मारून ते पाडावयाचे, आणि अंगाला चेंडू लागण्यापूर्वी पुन्हा रचावयाचे. ही आपली लगोरी! ती नागपुरास असताना रोज खेळत होती. नाव निराळे, म्हणून तिला खेळ निराळा वाटला. आणि खेळ निराळा, म्हणून मुलेही. दुसऱ्या दिवशी आजीने हाताला धरून नेले तेव्हा गाठ सुटली.

शाळेतली गाठ मात्र अधिक घट्ट होती. तिच्या हिंदीला मराठीचा हेल होता आणि नावाच्या शेवटी 'कर' होता, एवढ्यावरून तिचे नाव 'मराठी' पडले. एके दिवशी वर्गात इतिहासातल्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा विषय निघाला, आणि सगळा वर्ग मान वळवून तिच्याकडे पाहू लागला. घरी येऊन तिने विचारले, "बाबा, आपण इथे लुटायला आलो होतो का?"

इतिहास हा माझा एम्. ए. चा विषय; तेव्हा उत्तर टाळता येईना. १७५० च्या अखेरीस होळकरांचा खंडणीचा तगादा असह्य होऊन जयपूरच्या सवाई ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली, आणि पुढच्याच महिन्यात जयपूरकरांनी शहरात आलेल्या मराठ्यांवर अचानक तुटून पडून त्यांची मोठी कत्तल केली, हे मी तिला सांगितले. त्याचबरोबर हेही सांगितले की, त्याच ईश्वरीसिंहाच्या पित्याच्या, म्हणजे सवाई जयसिंहाच्या दरबारी जगन्नाथ सम्राट नावाचे एक महाराष्ट्रीय पंडित होते. युक्लिडची भूमिती त्यांनी 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली. मला वाटले, तोल साधला. तिला दुसरी गोष्ट आवडली. वर्गाला अर्थातच पहिलीच आवडलेली होती.

हे मी अशासाठी सांगतो आहे की, निराळे असणे म्हणजे काय याची चव माझ्या मुलीने स्वतः घेतलेली होती. आपण ज्यातून गेलो ते दुसऱ्यास भोगावयास लावू नये, एवढे तरी तिला आपोआप कळेल, अशी माझी समजूत होती. ती समजूत चुकीची निघाली.

आमच्या समोरच्या रांगेत तिच्याच वयाचा एक मुलगा राहतो. जन्मापासून त्याचा एक पाय अधू आहे. गुडघ्यापर्यंत पट्ट्या असलेला बूट घालून तो चालतो. तो रोज बागेच्या कठड्यावर बसून खेळ पाहत असे. माझी मुलगी एकदा घरी येऊन त्याच्या चालण्याची नक्कल करू लागली. मला फार राग आला. मी तिला समोर बसवून पाव तास उपदेश केला. 'त्याच्याशी प्रेमाने वाग, त्याला सांभाळून घे, त्याला खेळात घे.' मुलगी शहाणी, तिने ऐकले. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला हात धरून मैदानात आणू लागली. त्याने चेंडू मारला आणि दगड पडले नाहीत, तरी ते पडल्याचे सगळ्यांनी मानावयाचे. त्याच्या अंगाला चेंडू लागला, तरी तो बाद नाही. आपल्याकडे धाकट्या भावंडाला खेळात घ्यावेच लागले, म्हणजे मोठी मुले त्याला 'लिंबूटिंबू' करतात. तो खेळतो, पण त्याचे खेळणे मोजावयाचे नसते. तसा तो दहा वर्षांचा मुलगा सगळ्या बागेचा लिंबूटिंबू झाला. मी खिडकीतून हे पाहून समाधान पावत होतो.

आठवड्याभराने त्याने बागेत येणेच बंद केले. मुलगी बोलवावयास गेली तेव्हा "मुझे नहीं खेलना" एवढेच म्हणाला. ती रडकुंडीला आली. मी अधिकच गोंधळलो. त्या रात्री आई मला म्हणाली, "तू तापाने फणफणलास की मी ज्या आवाजात तुझ्याशी बोलते ना, त्या आवाजात ती त्या पोराशी दिवसभर बोलते. कोण येईल खेळायला?"

या वाक्याने माझी झोप उडविली. मुलांना परस्परांचा स्वीकार करावयास शिकवावयाचे ते कसे, हा प्रश्न आपण फार सोपा समजतो. मुलांचे मन कोऱ्या पाटीसारखे असते, भेदभाव आपण मोठी माणसे त्यावर लिहितो, तेव्हा आपण लिहिले नाही की झाले, असे आपण म्हणतो. यात अर्धे सत्य आहे. मुलाला भेद दिसतो, आणि फार लवकर दिसतो. मानसशास्त्रज्ञांना असे आढळले आहे की, तीन महिन्यांचे तान्हे मूलसुद्धा आपल्या भोवतालच्या माणसांसारख्या चेहऱ्याकडे अधिक वेळ टक लावून पाहते. यात द्वेष नाही. ओळखीचे आणि अनोळखी एवढाच निवाडा आहे. परंतु त्या निवाड्याचे पुढे काय होते, ते मात्र बरेचसे मोठ्या माणसांच्या हाती असते.

याविषयी अमेरिकेत रिबेका बिगलर या विदुषीने केलेला एक साधा प्रयोग मला मोठा बोलका वाटतो. मुलांच्या वर्गात कोणताही विचार न करता काहींना एका रंगाचे व काहींना दुसऱ्या रंगाचे सदरे घालावयास दिले. काही वर्गांत शिक्षकांनी त्या रंगांकडे मुळीच लक्ष दिले नाही. दुसऱ्या काही वर्गांत मात्र 'निळे इकडे बसा, पिवळे तिकडे उभे राहा' अशा रीतीने शिक्षक रोज त्या रंगांचा वापर करीत. कोणता रंग चांगला, कोणता वाईट, हे कोणी एका शब्दानेही सांगितले नव्हते. तरीही काही आठवड्यांनी या दुसऱ्या प्रकारच्या वर्गांतील मुले आपल्या रंगाचीच मुले अधिक चांगली असे मानू लागली. पहिल्या वर्गांतील मुलांच्या मनात असा पक्षपात उत्पन्न झाला नाही. म्हणजे मूल आपले तोंडचे बोल ऐकते त्याहून अधिक बारकाईने आपण कोणाला कोठे बसवितो ते पाहते.

आपल्याकडे रंगीत सदऱ्याचे हे काम एका गोणपाटाने केले होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 'प्रताप' हे नाव आता माझ्या पत्त्यात आहे म्हणून असेल, पण या शाळेचे नाव वाचताना मी हटकून थांबतो. डॉक्टर आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, वर्गात त्यांना कोपऱ्यात निराळे बसावे लागे, आणि बसावयाचे गोणपाट रोज घरून आणावे व घरी न्यावे लागे. कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे. तहान लागली तर इतर मुले गुरुजींना विचारून नळावर जात. यांच्यासाठी मात्र शिपायाने येऊन नळ सोडावयाचा. शिपाई नसला तर पाणी नाही.

त्या वर्गात दुसरीही मुले होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. त्यांच्यातली कोणी जन्मतः दुष्ट असतील असे मानण्याचे कारण नाही. पण कोपऱ्यातले ते गोणपाट रोज त्यांना धडा देत होते. पाटीवर अक्षर न लिहिता दिलेला धडा होता तो, आणि परीक्षा न घेता सर्वांना पाठ झालेला.

आता त्याच साताऱ्यात, त्यानंतर चोवीस वर्षांनी काय झाले ते पाहा. कर्मवीर भाऊराव पाटील हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचे. जन्म १८८७ चा, घर जैनांचे. त्यांचे शिक्षण कोल्हापुरात झाले. आणि त्या काळचे कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचे कोल्हापूर. महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी निरनिराळी वसतिगृहे काढविली किंवा त्यांना जागा व पैसा दिला. आज हे वाचून कोणी नाक मुरडील की, जातवार वसतिगृहे काढून भेद कसा जाणार? पण ज्या गरीब मुलाला शहरात रात्री अंग टाकावयास ओसरी मिळत नव्हती, त्याला आधी छप्पर देणे अगत्याचे होते. शिवाय महाराज तेथेच थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला.

भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. ओगल्यांच्या काचकारखान्याच्या कंदिलांचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले होते. खेड्यातले अज्ञान त्यांनी पायाखाली घातलेले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. तेथे त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव देण्यात आले.

हे वसतिगृह कसे चालत असे, याकडे मला श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. कारण मुले एकत्र ठेवली म्हणजे एकत्र होतात असे नाही. भाऊरावांपाशी पैसा नव्हता. स्वयंपाकी ठेवावयाचा, पाणक्या ठेवावयाचा, झाडूवाला ठेवावयाचा, ही चैन त्यांना परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी त्यांनी ती केली नसती असे मला वाटते. मुलांनीच पाणी भरावयाचे, मुलांनीच भाकरी थापावयाच्या, मुलांनीच भांडी घासावयाची, आवार झाडावयाचे; आणि सर्वांनी एका पंगतीस बसून जेवावयाचे. आता या व्यवस्थेचा अर्थ पाहा. गावी ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जात होता, त्याच्या हातची भाकरी येथे पाटलाच्या मुलाच्या ताटात पडत होती. ती त्याने कोणावर उपकार म्हणून खावयाची नव्हती. त्याला भूक लागली होती म्हणून खावयाची होती. आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापण्याची पाळी त्याच्यावर येणार होती. या स्वयंपाकघरात कोणीच लिंबूटिंबू नव्हता. एकाने पाळी चुकविली, तर सगळी पंगत खोळंबणार!

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या कामात त्यांच्याबरोबरीने उभ्या राहिल्या. ही सगळी मुले त्यांनी आपली म्हणून वाढविली. वसतिगृहातले धान्य संपले आणि हाती काही उरले नाही, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले, ही हकिगत महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. १९३० साली त्या वारल्या. समतेवर त्यांनी मुलांपुढे भाषणे केल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांनी वाढले.

मुलांना एकत्र आणणे वेगळे आणि त्यांना एकमेकांची गरज वाटेल असे काम देणे वेगळे, हा भेद शास्त्रीय रीतीने दाखविणारा प्रयोग पुढे तीस वर्षांनी अमेरिकेत झाला. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफर शेरिफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमा राज्यातल्या एका वनात बावीस मुलांची छावणी भरविली. मुले अकरा-बारा वर्षांची, एकाच वर्णाची, एकाच धर्मपंथाची, सारख्या परिस्थितीतल्या घरांची. त्यांच्यात मुळात कोणताही भेद नव्हता. त्यांचे दोन गट करून त्यांना आधी निरनिराळे ठेवले. मग दोन्ही गटांत सामने लावले. थोड्याच दिवसांत एका गटाने दुसऱ्याचे निशाण जाळले, रात्री एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. आता यांचे भांडण मिटवावे कसे? पहिला उपाय आपल्या सर्वांना सुचतो तोच केला: सर्वांना एकत्र जेवावयास बसविले, एकत्र चित्रपट दाखविला. परिणाम असा की, मुलांनी जेवताना एकमेकांवर अन्न फेकले!

मग शेरिफने छावणीच्या पाण्यात अडथळा निर्माण केला. टाकीपासून खालपर्यंत नळ तपासावयाचा होता, आणि ते एका गटाने उरकण्यासारखे काम नव्हते. पुढे एकदा अन्न आणणारी मालमोटार सुरू होईना. ज्या दोराने मुलांनी आदल्या सामन्यांत रस्सीखेच केली होती, त्याच दोराने दोन्ही गटांनी मिळून ती ओढली. एका दिवसात काही झाले नाही. पण अशी कामे एकामागून एक आली, तशी तेढ ओसरत गेली. परत जाताना बहुतेकांनी एकाच गाडीतून जाऊ असे सांगितले, आणि वाटेत एका गटाने आपल्याला बक्षीस मिळालेले पाच डॉलर सर्वांच्या पेयावर खर्च केले. या प्रयोगावर पुढे आक्षेपही पुष्कळ घेतले गेले. मुलांच्या नकळत त्यांना भांडावयास लावणे मला स्वतःलाही रुचत नाही. परंतु साताऱ्याच्या स्वयंपाकघरात भाऊरावांनी जे गरिबीमुळे आणि अंतःप्रेरणेने साधले होते, तेच येथे निराळ्या वाटेने सिद्ध झाले, यात शंका नाही.

कोणी म्हणेल, ही जुनी उदाहरणे झाली. तेव्हा एक अलीकडचे, आणि आपल्याच देशातले सांगतो. सरकारी जमीन सवलतीने घेतलेल्या दिल्लीच्या खासगी शाळांना २००७ पासून काही जागा गरीब घरच्या मुलांना देणे भाग पडले. श्रीमंत पालकांना भीती अशी की, आपली मुले बिघडतील. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने या शाळांतल्या सधन मुलांचा बारकाईने अभ्यास केला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब सोबती मिळालेली ही मुले अधिक उदार झाली, आणि गरीब मुलांबरोबर खेळावयास अधिक राजी झाली. शर्यतीसाठी जोडीदार निवडावयाचा प्रसंग आणला, तेव्हा वेगाने धावणाऱ्या गरीब मुलाला डावलून हळू धावणारा श्रीमंत मुलगा घेण्याची प्रवृत्तीही त्यांच्यात कमी दिसली. अभ्यासावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. वर्गात शिवराळ बोलणे थोडेसे वाढले, हेही त्या अभ्यासकाने प्रामाणिकपणे नोंदले आहे. माझे लक्ष मात्र दुसऱ्या एका गोष्टीने वेधून घेतले. काही शाळांत नावाच्या आद्याक्षरांच्या क्रमाने अभ्यासाचे लहान गट पाडीत. त्यामुळे कोणाच्या वाट्याला कोण येईल हे केवळ नावावर अवलंबून राही. ज्यांच्या गटात गरीब मूल आले, त्यांच्यात हा बदल विशेष झाला. एका वर्गात असणे पुरेसे पडले नाही. एका गणितावर दोन डोकी वाकावी लागली.

कायद्याने आता बरेच केले आहे. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने विनाअनुदानित खासगी शाळांतही पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवावयास लावल्या. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि अशा मुलांना इतरांबरोबरच शिकविले पाहिजे असे सांगितले. जवळपास सरकारी शाळा असेल तर खासगी शाळांना त्या २५ टक्के जागांतून सूट देणारा नियम महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मी आयुष्यभर कागदांत वावरणारा माणूस असल्यामुळे कागदाचे मोल जाणतो. त्याने दार उघडते. पण कागदावर एक रकाना असतो, 'प्रवेश दिला: होय किंवा नाही', आणि तो भरला की आमचे काम संपते. त्या मुलाला नाटकात भूमिका मिळाली काय, सहलीच्या गाडीत त्याच्या शेजारी कोण बसले, त्याच्या चुकीवर इतरांइतकेच रागावले जाते काय, यासाठी रकाना नाही. प्रवेश मिळालेले मूल वर्षानुवर्षे लिंबूटिंबू राहू शकते, आणि अहवाल निर्दोष असतो.

जयपुरात राहून हे सांगताना येथल्याच एका निर्मितीचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. 'जयपूर फूट' हे नाव जगभर गेले आहे. १९६० नंतरच्या दशकात येथील सवाई मानसिंह रुग्णालयाचे डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर यांनी मिळून हा कृत्रिम पाय घडविला. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो असंख्य लोकांपर्यंत विनामूल्य पोचविला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या पायाची खरी खुबी कशात आहे? तोवरचे विलायती पाय चालण्यास चांगले होते, पण त्यांना बूट लागे. ते घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. म्हणजे पाय मिळालेला माणूस खुर्चीवर एकटा, आणि घरची माणसे खाली पंगतीत! रबराचा हा नवा पाय अनवाणी चालतो आणि जमिनीवर बसू देतो. माणसाला नुसते चालावयाचे नसते, त्याला इतरांबरोबर खाली बसावयाचे असते, ही गोष्ट त्या डॉक्टरला आणि त्या कारागिराला समजली होती.

आमच्या समोरच्या मुलाचा पाय वेगळ्या प्रकारे अधू आहे. त्याला या पायाचा उपयोग नाही. त्याची हकिगत अर्धी राहिली आहे, ती सांगतो.

मकर संक्रांत हा जयपुरात पतंगांचा सण. त्या दिवशी सगळे शहर गच्चीवर असते आणि 'वो काटा'च्या आरोळ्यांनी कान किटतात. पहिल्या वर्षी माझ्या मुलीने हौसेने पतंग आणले, पण एकही वर जाईना. वर गेला की गिरकी घेऊन खाली. मला पतंगातले काही कळत नाही. शेजारच्या एका मुलाने सांगितले की कन्नी चुकली आहे, आणि या गल्लीत नीट कन्नी बांधणारा एकच आहे. तो म्हणजे तोच पट्ट्यांच्या बुटाचा मुलगा. कठड्यावर बसून काढलेल्या संध्याकाळींत त्याने हात पतंगावर बसविला होता, हे आम्हांपैकी कोणाच्याच गावी नव्हते.

मुलगी त्याच्याकडे गेली ती या खेपेस माझा उपदेश आठवून गेली नाही. तिला पतंग उडवावयाचा होता. त्याने दोन पतंगांना कन्नी बांधून दिली आणि तिच्याकडून मोबदल्यात मांजाची एक रीळ घेतली. व्यवहार चोख होता. दुपारी दोघे त्यांच्या गच्चीवर होती. तो एका जागी कठड्याला टेकून पतंग बदवीत होता आणि ही चरखी धरून उभी होती. हिने ढील द्यावयास उशीर केला, आणि त्यांचा पतंग कटला. मग त्या मुलाने तिला जे फैलावर घेतले! तीही मागे हटली नाही. तूच खेचावयास नको होते, तुला काही येत नाही, तुझ्यामुळे माझा पतंग गेला. दोघांचे आवाज आमच्या गच्चीपर्यंत येत होते. त्या मुलाची आई घाबरून माझ्याकडे आली आणि "भाईसाहब, माफ कीजिए, यह ज़रा गरम दिमाग़ का है" असे म्हणू लागली. मी उठून मुलीला हाक मारणार होतो. आईने तिळाचा लाडू माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बस तू खाली. भांडू दे तिला. आज पहिल्यांदा ती त्याच्याशी भांडते आहे."

थोड्या वेळाने आरडाओरडा थांबला. आम्ही पाहिले तर नवा पतंग वर चढत होता. या वेळी चरखी त्याच्याकडे होती आणि दोर तिच्या हातात. आणि ढील किती द्यावयाची यावरून पुन्हा दोघांचा वाद सुरू झालेला होता.